केबल, संगणकजाळ्यातील

संगणकांना एकमेकांशी जोडून त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण घडवून आणणाऱ्या, आवरणात बसविलेल्या तारांच्या किंवा काचतंतूंच्या जुडग्याला संगणकजाळ्याची केबल म्हणतात. समाक्ष, पीळदार जोडी व प्रकाशीय तंतू हे तिचे तीन मुख्य प्रकार होत. अंतर, माहितीवहनाची गती, परिसरातील विद्युत् चुंबकीय व्यत्यय, सुरक्षितता व खर्च यांवरून प्रकाराची निवड ठरते. संगणक काही वर्षांनी बदलले जातात. परंतु भिंतीत वा जमिनीखाली घातलेली केबल सहसा त्यांच्याहून अधिक काळ तशीच राहते व ती बदलणे फोडतोडीमुळे खर्चिक ठरते. म्हणून निवड करताना आजच्या गरजेबरोबर पुढील काळातील वाढत्या गतीचाही विचार करावा लागतो.

समाक्ष केबल : हिच्या मध्यभागी तांब्याचा संवाहक, त्याभोवती निरोधक, त्यावर धातूच्या जाळीचे कवच व सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचे आवरण असते. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पॅलो अल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून विकसित केलेले ईथरनेट हे जाळे प्रारंभी अशाच केबलीवर चालत असे. जाड समाक्ष केबलीच्या एका खंडाची कमाल लांबी ५०० मी., तर बारीक केबलीची १८५ मी. होती. सर्व संगणक एकाच केबलीवर जोडलेले असल्याने ती एके ठिकाणी तुटली, तरी संपूर्ण खंडातील व्यवहार बंद पडे. त्यामुळे इमारतींतील जाळ्यांतून ती मागे पडली.

पीळदार जोडी केबल : हिच्यात तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असतात. जोडीतील दोन तारांतून परस्परविरुद्ध संकेत जातात. बाहेरील व्यत्ययाचा परिणाम पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो व ग्राहक उपकरण दोहोंतील फरकच विचारात घेत असल्याने तो निघून जातो. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळ्या अंतराने दिलेला असल्याने एका जोडीतील संकेत दुसरीत कमी झिरपतो. १९९० मधील मानकामुळे हिचा प्रसार वाढला. या पद्धतीत प्रत्येक संगणक स्वतंत्र केबलीने मध्यवर्ती उपकरणास जोडला जातो. त्यामुळे एक केबल बिघडल्यास तेवढाच संगणक तुटतो.

या केबलींची वर्गवारी कंप्रतेनुसार करतात. ५ई वर्गाची केबल (१०० मेगॅहर्ट्‌झ) सेकंदाला १ गिगाबिट माहिती १०० मी. पर्यंत नेते. ६ वर्गाची केबल (२५० मेगॅहर्ट्‌झ) १० गिगाबिट माहिती अनुकूल परिस्थितीत सु. ५५ मी. पर्यंतच, तर ६ए वर्गाची (५०० मेगॅहर्ट्‌झ) पूर्ण १०० मी. पर्यंत नेते. मोठी यंत्रे वा वीजवाहक तारा जवळ असतील, तर धातूचे कवच असलेली केबल वापरतात. पण ते कवच योग्य रीतीने भूसंपर्कित करणे आवश्यक असते.

प्रकाशीय तंतू केबल : हिच्यात विद्युत् प्रवाहाऐवजी प्रकाशाचे स्पंद काचतंतूतून जातात. बहुपथी तंतूचा गाभा ५० किंवा ६२·५ मायक्रोमीटर, तर एकपथी तंतूचा सु. ९ मायक्रोमीटर व्यासाचा असतो. बहुपथी तंतूत प्रकाश अनेक मार्गांनी जात असल्याने स्पंद पसरट होतात. म्हणून १० गिगाबिट गतीस त्याची मर्यादा काहीशे मीटर असते. एकपथी तंतूवरून हीच गती १० किमी. व त्याहून अधिक अंतरापर्यंत मिळते. तंतूवर विद्युत् चुंबकीय व्यत्ययाचा परिणाम होत नाही. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकल्यास विजेच्या कडकडाटाच्या वेळी प्रवर्तित झालेला दाब उपकरणांपर्यंत पोहोचून ती जळू शकतात. धातूचा अंश नसलेल्या तंतू केबलीने हा धोका टळतो.

निवडीतील दक्षता : सामान्यतः इमारतींमध्ये व मजल्यामजल्यांमध्ये तंतू केबल आणि मजल्यावरील संगणकांपर्यंत ६ वा ६ए वर्गाची पीळदार केबल वापरणे सोयीचे ठरते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांची स्वस्त केबल मिळते. ती मानकांत बसत नाही. तिचा रोध तांब्यापेक्षा अधिक असल्याने संकेत लवकर क्षीण होतो. याच केबलीतून कॅमेरे, दूरध्वनी इ. उपकरणांना वीजही पुरविली जाते व २०१८ च्या मानकानुसार ही शक्ती ९० वॉटपर्यंत असू शकते. अशा वेळी हलकी केबल तापून आगीचा धोका संभवतो. पीव्हीसीचे आवरण जळताना दाट धूर व हायड्रोजन क्लोराइड वायू निर्माण होतो. म्हणून रुग्णालये, नाट्यगृहे इ. गर्दीच्या वास्तूंत कमी धूर देणारे, हॅलोजनविरहित आवरण निवडतात. केबल टाकल्यावर प्रत्येक जोडणीची मापकाने चाचणी घेऊन नोंद ठेवणे इष्ट असते, कारण तीव्र वळणे, अतिताण किंवा उलगडलेला पीळ यांमुळे उत्तम केबलही निकामी ठरू शकते.