कोरड्या प्रदेशात झाडे लावली की मातीचे काय होते?

वृक्षारोपण झाले की आपण रोपाचा फोटो काढतो. पण खड्ड्यातल्या मातीकडे कुणी बघतो का? झाडाबरोबर मातीही बदलत असते. कमी पावसाच्या प्रदेशात हा बदल कसा होतो, ते एका उदाहरणातून समजून घेऊ.

लोएस पठार

उत्तर चीनमध्ये लोएसचे पठार आहे. लोएस म्हणजे वाऱ्याने वाहून आणलेली बारीक, पिवळसर माती. हे पठार आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे आहे. तिथे पाऊस कमी, त्यात शेतीसाठी उतार नांगरले गेले. मग पावसाळ्यात माती वाहून पीत नदीत जाऊ लागली. या नदीचे नावच मुळी पिवळी नदी! विसाव्या शतकाच्या मध्यात ती वर्षाला सुमारे 160 कोटी टन गाळ वाहून नेत असे.

1999 मध्ये चीन सरकारने एक योजना सुरू केली. तीव्र उतारावरची शेती सोडून तिथे झाडे किंवा गवत लावायचे आणि त्या बदल्यात शेतकऱ्यांना धान्य व पैसे द्यायचे.

मातीत काय बदलले?

सुरुवातीची काही वर्षे फारसे काही दिसत नाही. उलट खड्डे खणल्याने मातीतला थोडा सेंद्रिय कर्ब कमीही होऊ शकतो. पुढे पालापाचोळा साठतो. बुरशी, जिवाणू आणि कीटक तो कुजवतात. त्यातून तयार झालेला ह्यूमस मातीचे कण एकत्र बांधतो. माती भुसभुशीत होते, पाणी वाहून न जाता आत मुरते. तिथे लावलेल्या ब्लॅक लोकस्ट या शिंबावर्गीय झाडाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजनही मातीत आणतात.

हा बदल आधी वरच्या वीतभर थरात होतो. खाली पोहोचायला काही दशके लागतात. आज पीत नदीतला गाळ खूप कमी झाला आहे. त्यात झाडांइतकाच पायऱ्यांच्या शेतीचा आणि छोट्या बांधांचाही वाटा आहे.

मग अडचण कुठे आली?

पाण्यात! दाट लावलेल्या झाडांची मुळे कित्येक मीटर खाली जाऊन ओल शोषतात. पावसाने ती भरून निघाली नाही, तर खोलवर मातीचा कोरडा थर तयार होतो. म्हणजे वरची माती सुपीक, पण खालची तहानलेली. काही ठिकाणी झाडांची वाढच खुंटली. तिथले लोक अशा ठेंगण्या झाडांना 'छोटे म्हातारे' म्हणतात.

याचा अर्थ झाडे लावू नयेत असा नाही. पाऊस जितका पुरेल तितकीच, आणि तिथल्या हवामानाला साजेशी झाडे लावायची. जिथे जंगल पोसत नाही, तिथे गवत आणि झुडपे मातीला जास्त चांगली सांभाळतात. आपल्या पर्जन्यछायेतल्या माळरानांवर तर माती पातळ आणि खाली काळा कातळ. तिथे हा विचार आणखी गरजेचा.

करून बघा

जुन्या कडुनिंबाखालचे एक वाळलेले ढेकूळ घ्या आणि उघड्या माळावरचे एक. दोन्ही पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. कोणते आधी विरघळते? का? वहीत लिहा.