चारकोप ते मंगळ, मीटरने

चारकोप मार्केटसमोर रिक्षा थांबवा आणि 'मंगळ' म्हणा. रिक्षावाला मान हलवून पुढे जाईल (कांदिवली स्टेशन म्हटलं तरी जातो). पण समजा, तयार झालाच! तर आजच्या 17 रुपये 14 पैसे किलोमीटरच्या दराने 65 कोटी किलोमीटरचे अकराशे कोटींहून जास्त होतात. इस्रोचं मंगळयान तेवढंच अंतर 450 कोटींत गेलं. किलोमीटरला जेमतेम सात रुपये.

निघायचा दिवस? 5 नोव्हेंबर 2013. वार मंगळवार, सण भाऊबीज! मुहूर्त काढून घेतला असता तरी एवढा जमला नसता. खरं तर उड्डाण 28 ऑक्टोबरला ठरलं होतं. पण रॉकेटवर नजर ठेवायला निघालेली 'नालंदा' आणि 'यमुना' ही जहाजं प्रशांत महासागरात खराब हवामानाने रखडली आणि तारीख पुढे गेली. पोहोचलं तेही ऐन पितृपक्षाच्या अमावास्येला, 24 सप्टेंबर 2014 रोजी. घटस्थापना दुसऱ्या दिवशी! पत्रिकेतल्या मंगळाला घाबरणाऱ्यांनी हे जरूर नोंदवून ठेवावं.

खरी धाकधूक इंजिनाची होती. मुख्य इंजिन सुमारे 300 दिवस बंद. दोन दिवस आधी ते चारच सेकंद चालवून पाहिलं, आणि मग शेवटच्या सकाळी तब्बल 23 मिनिटं. हे इंजिनच यानाचा ब्रेक; तो कमी लागला असता तर यान मंगळाला ओलांडून गेलं असतं. बंगळूरहून सांगायची सोय नव्हती, कारण निरोप पोहोचायलाच बारा मिनिटं. म्हणून सगळ्या आज्ञा आधीच भरून ठेवल्या होत्या. त्यात मधली काही मिनिटं यान मंगळाच्या आड!

आपल्या उपनगराचाही यात हात आहे. रॉकेटचं विकास इंजिन आणि यानाचे थ्रस्टर बनवण्यात विक्रोळीच्या गोदरेजचा वाटा होता. आपला मंगळ वाया विक्रोळी, असं म्हणायला हरकत नाही.

सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान साडेसात वर्षं टिकलं. एप्रिल 2022 मध्ये संपर्क तुटला. 2000 च्या नोटेवर त्याचं चित्र 2016 मध्ये आलं आणि मे 2023 मध्ये ती नोटही मागे घेतली गेली. एखादी डब्यात सापडली, तर रिझर्व्ह बँकेत जमा करण्याआधी मागची बाजू जरूर बघा.