रिपोर्टवरची वेळ आधी पाहा

कॉर्टिसॉलचा रिपोर्ट हाती पडला की नजर थेट आकड्यावर जाते. समजा, तो ९.२ आहे. चांगला की वाईट? ते ठरवण्याआधी वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली वेळ शोधा. रक्त किती वाजता काढलं?

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवतात. हुकूम मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा, एसीटीएच या संप्रेरकाच्या रूपाने सुटणारा. पहाटे पातळी चढू लागते, सकाळी कळस गाठते आणि मध्यरात्री तळाला जाते. सकाळी आठच्या सुमारास ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही ढोबळ मर्यादा. लॅबनुसार ती थोडी बदलते. म्हणजे सकाळचं ९.२ या मर्यादेत बसतं, पण मध्यरात्रीचं ९.२ डॉक्टरांना विचारात पाडतं. रात्रपाळी करणाऱ्यांचं तर घड्याळच उलटं, त्यांनी ते आधी सांगावं.

'स्ट्रेस हार्मोन' या नावामुळे अनेकांना ही तपासणी ताणाचं मीटर वाटते. पण सुईच्या धास्तीनेही पातळी वर जाऊ शकते. तपासणीचा खरा उपयोग ग्रंथींचा बिघाड शोधायला. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेल्या आजारात कॉर्टिसॉल कमी पडतं. थकवा येतो, वजन घटतं, कातडी काळवंडते. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचं एक कारण आजही आहे. हार्वी कुशिंग यांच्या नावाच्या विकारात ते उतू जातं. चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे वळ उमटतात.

कुशिंगचा संशय असेल तर डॉक्टर ग्रंथीचीच परीक्षा घेतात. रात्री अकराला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी, सकाळी आठला रक्त. निरोगी शरीरात पीयूषिका गप्प बसते आणि आकडा १.८ च्या खाली येतो. कुशिंगमध्ये तो सहसा उतरत नाही. कमतरतेची शंका असेल तर उलट एसीटीएचसारखं इंजेक्शन देऊन ग्रंथी जागी होते का, ते पाहतात.

औषधंही आकडा फिरवतात. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि आकडा फुगतो. स्टेरॉइडच्या गोळ्या, सांध्यातली इंजेक्शनं, गोरेपणाच्या काही क्रीम यांनी ग्रंथी झोपी जाऊ शकते. अशा वेळी औषध मनाने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टबरोबर गोळ्यांची पाकिटं, क्रीमची ट्यूब आणि गुडघ्यासाठी कुणी दिलेली ती बिननावाची पुडीही पिशवीत टाका.