मोबाइलमधून गेलेल्या सोयी: बॅटरीच्या झाकणापासून सिमकार्डापर्यंत

हाताने काढता येणारी बॅटरी, मेमरी कार्डाची जागा, इअरफोनचे गोल छिद्र, एफएम रेडिओ, खोक्यातला चार्जर आणि आता काही फोनमध्ये खुद्द सिमकार्ड. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोबाइल फोनमधून एकेक करून काढल्या गेलेल्या या गोष्टी. त्या गेल्या तेव्हाही असंख्य लोक त्या रोज वापरत होते. मागणी असताना कंपनी एखादी सोय का काढते, याचे उत्तर प्रत्येक वेळी थोडे वेगळे आहे. तरी या सगळ्या उत्तरांतून एक धागा जातो: ज्या वाटांनी ग्राहक बाहेरची स्वस्त वस्तू आपल्या फोनला जोडू शकत होता, त्या वाटा आधी बंद झाल्या.

या बदलांचे मोल कळायला वाशीम जिल्ह्यातले जऊळका हे योग्य ठिकाण आहे. मालेगाव तालुक्यातले हे गाव अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावर आहे आणि जऊळका रेल्वे या नावानेच ओळखले जाते. आजूबाजूचा पट्टा सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची ८० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या ग्रामीण आहे. अशा भागात एकच फोन बँकेचे काम करतो, बाजारभाव सांगतो, मुलांचा अभ्यास घेतो आणि रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या हातात बॅटरीचा उजेडही होतो. तो बिघडला, तर कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र गाठण्यापेक्षा जवळच्या बाजारातली मोबाईल शॉपी हाच लोकांचा पहिला आधार असतो.

२००३ साली आलेल्या नोकिया ११०० या फोनपासून मागोवा घेतला, तर सुरुवातीचे चित्र स्पष्ट होते. धूळ बसू न देणारा रबरी कीपॅड, वरच्या टोकाला टॉर्च आणि मागे बीएल-५सी ही बॅटरी. पुढच्या काळात ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांपर्यंतचे भारनियमन सोसले. त्या काळात ज्याच्याकडे दुसरी भरलेली बॅटरी होती, त्याचा फोन चालू राही. फोनच बिघडला असला तरी बॅटरी काढून ती चिमट्यात धरणाऱ्या, लाल-हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या चार्जरला लावता येत असे. पुढे मेमरी कार्डाचे फोन आले आणि थोड्या पैशांत कार्डात गाणी भरून देणे हा मोबाईल शॉपीचा मोठा धंदा झाला. इंटरनेट महाग आणि संथ होते. त्यामुळे गावातले संगीत, कीर्तन आणि सिनेमे नखाएवढ्या कार्डातूनच एका फोनमधून दुसऱ्यात जात.

काढता येणाऱ्या बॅटरीचा एक फायदा २००७ साली साऱ्या देशाने पाहिला. मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी जास्त तापू शकतात, असे नोकियाने त्या ऑगस्टमध्ये जाहीर केले. भारतात घबराट पसरली. पण उपाय साधा होता: मागचे झाकण सरकवायचे, बॅटरीवरचा क्रमांक पाहायचा आणि यादीत असेल तर ती बदलून घ्यायची. फोन घरीच राहिला. नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेटू लागल्या, तेव्हा बॅटरी आत बंद होती. पहिल्याच फेरीत सुमारे २५ लाख आख्खे फोन परत बोलवावे लागले आणि ऑक्टोबरमध्ये त्याचे उत्पादनच थांबले.

बॅटरी आत बंद करण्याची रीत २००७च्या पहिल्या आयफोनने रुळवली. भारतात फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या मोटो जी या लोकप्रिय फोनची बॅटरीही काढता येत नव्हती. २०१५ मध्ये सॅमसंगने गॅलक्सी एस६ मध्ये तेच केले. शाओमीच्या रेडमी १एस आणि रेडमी २ या स्वस्त फोनमध्ये बॅटरी काढता येत होती. २०१६च्या रेडमी नोट ३ मध्ये ४,०५० एमएएचची मोठी बॅटरी आली, पण ती सीलबंद. कंपन्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. हाताळायची बॅटरी सुरक्षित राहावी म्हणून तिला कडक कवच लागते, फोनमध्ये वेगळी चौकट आणि झाकण लागते, आणि ही सारी जागा मूळ बॅटरीतून वजा होते. पाण्याचे कारण मात्र तेवढे पटत नाही. २०१४ चा गॅलक्सी एस५ पाण्यापासून संरक्षण असलेला होता आणि तरीही त्याचे झाकण नखाने उघडत असे.

सीलबंद बॅटरीचा खर्च दोन-तीन वर्षांनी दिसतो. दुकानदार आधी फोनची मागची बाजू गरम करून गोंद सैल करतो, रबरी चोषक लावून ती किंचित उचलतो आणि फटीतून पातळ प्लास्टिकची पट्टी फिरवतो. मग स्क्रू काढायचे, फितीसारख्या नाजूक जोडण्या सोडवायच्या आणि खाली गोंदाने चिकटलेली बॅटरी न वाकवता सोडवायची. पट्टी जरा खोल गेली तर फीत तुटते, आणि बॅटरीला भोक पडले तर आग लागू शकते. काम झाल्यावर मूळचा गोंद गेलेला असतो, म्हणून पाण्यापासूनचे संरक्षणही पूर्वीसारखे राहत नाही. पूर्वी हेच काम घरातले लहान मूल करत होते. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केले की बॅटरी जुनी झाली की काही आयफोनचा वेग मुद्दाम कमी केला जातो. टीका झाल्यावर कंपनीने भारतात बॅटरी बदलण्याचा दर ६,५०० वरून २,००० रुपयांवर आणला. नवी बॅटरी बसली की तोच फोन पुन्हा पूर्वीच्या वेगाने चालू लागे. फोन जुना झाला असे वाटते तेव्हा अनेकदा फक्त बॅटरी जुनी झालेली असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

मेमरी कार्डाची कहाणी एका रेषेत चालली नाही. सॅमसंगने २०१५ मध्ये एस६ मधून कार्ड काढले, ग्राहक नाराज झाल्यावर २०१६ मध्ये एस७ मध्ये परत आणले आणि जानेवारी २०२१ मध्ये एस२१ मधून पुन्हा काढले. फोनच्या आतली साठवण कार्डापेक्षा कितीतरी वेगवान असते आणि स्वस्त, बनावट कार्डामुळे ॲप अडखळली तर दोष फोनला लागतो, हे कंपन्यांचे कारण खरे आहे. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. २०१६ मध्ये आयफोन ७ भारतात आला तेव्हा ३२ जीबीचा फोन ६०,००० रुपयांना होता, १२८ जीबीचा ७०,००० आणि २५६ जीबीचा ८०,००० रुपयांना. ज्या फोनला कार्ड लावता येते, त्याच्या मालकाला पायरीपायरीने दहा हजार मोजण्याची गरज नसते. फोटो मावत नाहीत म्हणून दरमहा भाड्याने ऑनलाइन जागा घेण्याचीही गरज नसते.

मधल्या काळात हायब्रिड खाच आली: एक सिम कायम, आणि दुसऱ्या जागेत एकतर दुसरे सिम किंवा मेमरी कार्ड. शहरात ही बारीकशी तडजोड वाटते. जिथे घरात एका कंपनीची रेंज मिळते आणि शेतात दुसरीची, तिथे दुसरे सिम सोडणे म्हणजे निम्मा दिवस संपर्काबाहेर राहणे. साहजिकच कार्ड खिशात राहिले.

सर्वांत गाजले ते इअरफोनचे छिद्र. ७ सप्टेंबर २०१६ रोजी ॲपलने आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा जॅक काढला. त्याआधी ओप्पो, लीइको आणि मोटोरोलाच्या काही फोननी तो काढला होता, पण जगाने दखल घेतली ती ॲपलची. कंपनीचे अधिकारी फिल शिलर यांनी मंचावरून या निर्णयाला धैर्य म्हटले आणि त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स हे बिनतारी इअरफोन सादर झाले. भारतातली किंमत १५,४०० रुपये. आतली जागा मोकळी होते हे कारण खरे होते. मात्र जॅक गेला त्याच दिवशी त्याचा महागडा पर्याय त्याच कंपनीने विकायला काढला, हे विसरून त्या कारणाचे मोल ठरवता येत नाही. गूगलने २०१७ मध्ये पिक्सेल २ मधून, वनप्लसने २०१८ मध्ये ६टी मधून आणि सॅमसंगने २०१९ मध्ये नोट १० मधून जॅक काढला. दुरुस्त करता येण्याजोगे फोन बनवणाऱ्या युरोपातल्या फेअरफोन कंपनीनेही २०२१ मध्ये बॅटरी काढता येण्याजोगी ठेवली, पण जॅक काढला.

जॅकबरोबर रेडिओही गेला. बहुतेक फोनमध्ये इअरफोनची तारच एफएमचा अँटेना असते. तार लावायला जागा उरली नाही की आतली चिप असून निरुपयोगी ठरते. काही फोनमध्ये तर चिप असूनही ती सुरूच केलेली नसते. आकाशवाणी अकोला केंद्राकडे पीकपाण्याची माहिती, बाजारभाव आणि हवामान ऐकण्यासाठी कान लावणाऱ्या भागात ही हानी मोठी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेचा इशारा देणारे दामिनी हे उपयुक्त ॲप तयार केले. विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. पण ॲपला इंटरनेट लागते, आणि वादळात टॉवर बंद पडतो तेव्हाच इशाऱ्याची गरज सर्वांत जास्त असते. रेडिओला मोबाइलचा टॉवर लागत नाही, डेटा लागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने उत्पादकांच्या संघटनांना सूचना केली की ज्या फोनमध्ये एफएम आहे त्यात तो बंद ठेवू नये आणि नसेल तर तो घालावा. ती सूचना होती, सक्ती नव्हती.

मग ग्राहकाचे ऐकले जाते की नाही? भारतात एकदा तरी ऐकले गेले. शाओमीचा मी ए२ हा फोन २०१८ मध्ये जॅकशिवाय आला. २०१९ च्या मी ए३ मध्ये जॅक परतला. सोनीनेही २०१८ मध्ये काढलेला जॅक २०२० च्या एक्स्पीरिया १ मार्क २ मध्ये पुन्हा दिला. उलट उदाहरण एलजीचे आहे. पुण्याजवळ रांजणगावला मोठा कारखाना असलेल्या या कंपनीने २०१६ मध्ये व्ही२० या महागड्या फोनमध्ये काढता येणारी बॅटरी, कार्ड आणि उत्तम दर्जाचा जॅक, तिन्ही एकत्र दिले होते. जाणकारांनी कौतुक केले, पण विक्री वाढली नाही. एप्रिल २०२१ मध्ये एलजीने मोबाइलचा धंदाच बंद करण्याची घोषणा केली. एलजीच्या अपयशाची कारणे अनेक होती, पण इतर कंपन्यांनी त्यातून नेमका धडा घेतला. ग्राहक जॅक हवा म्हणतो. फोन घेताना मात्र किंमत, कॅमेरा आणि पडदा पाहून निवडतो. काढलेल्या भागाची बचत प्रत्येक फोनमागे होते, आणि नाराज होऊन दुसरीकडे जाणारे ग्राहक थोडे असतात. त्या थोड्यांनाही पुढच्या वर्षी दुसरीकडे तसा फोन मिळेनासा होतो.

म्हणूनच या सोयी महागड्या फोनमधून आधी गेल्या आणि स्वस्त फोनमध्ये टिकल्या. २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामत घेऊन आलेल्या जिओफोनमध्ये काढता येणारी बॅटरी, मेमरी कार्ड, जॅक, एफएम आणि टॉर्च हे सारे होते. २०२३ च्या ९९९ रुपयांच्या जिओभारतमध्येही काढता येणारी बॅटरी, कार्ड आणि एफएम होते. कंपन्यांना या सोयी देता येत नाहीत, हा दावा इथे टिकत नाही. जिथे त्यांच्यावाचून फोन विकला जाणार नाही, तिथे त्या दिल्या जातात.

गेलेली प्रत्येकच वस्तू हळहळण्याजोगी नाही. नोकियाची बारीक पिन, प्रत्येक कंपनीची वेगळी तार, मग मायक्रो यूएसबी हा गोंधळ संपून टाइप-सी आली, यात ग्राहकाचा फायदाच झाला. भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचे मानक २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. युरोपीय संघात ते २८ डिसेंबर २०२४ पासून बंधनकारक झाले. पण खोक्यातून चार्जरच काढणे ही वेगळी गोष्ट. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलने पर्यावरणाचे कारण देऊन आयफोन १२ च्या खोक्यात चार्जर देणे थांबवले. काही महिन्यांत सॅमसंगने एस२१ बरोबर तेच केले. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या ग्राहक संरक्षण संस्थेने मार्च २०२१ मध्ये ॲपलला दंड ठोठावला. ज्याच्या घरी आधीचा चांगला चार्जर नाही, तो बाजारातला स्वस्तातला घेतो, आणि वीज कमी-जास्त होणाऱ्या गावात तसा चार्जर फोनसाठी धोक्याचा असतो.

आता पाळी सिमकार्डाची आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ मध्ये सिमची खाच नव्हती. भारतातल्या फोनमध्ये होती. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन एअरमध्ये मात्र कुठेच सिमची खाच नाही, केवळ फोनच्या आतच बसवलेले ई-सिम आहे. फोन विहिरीत पडला किंवा पडदा फुटला, तर आज सिम काढून घरातल्या जुन्या साध्या मोबाइलमध्ये घातले की मिनिटात नंबर सुरू होतो. ई-सिम दुसरीकडे न्यायला इंटरनेट, कंपनीची प्रक्रिया आणि ई-सिम चालणारा दुसरा फोन लागतो.

कायद्याची हालचाल उशिरा सुरू झाली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनसाठी किमान ७ वर्षे सुटे भाग उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे, आणि बॅटरी एकतर ग्राहकाला बदलता यावी किंवा ती ठरलेल्या निकषांइतकी टिकाऊ असावी, असा नियम आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. फोन किती सहज दुरुस्त होतो याचा निर्देशांक ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात कंपन्यांनी स्वतःच गुण जाहीर करावेत आणि ते विक्रीच्या वेळी ग्राहकाला दिसावेत, अशी शिफारस आहे. पण खरे तर हे गुण कंपन्यांनी स्वतः जाहीर करण्यावर न सोडता तपासून द्यावेत, खोक्यावर मराठीसह स्थानिक भाषेत छापावेत आणि बॅटरी बदलण्याचा खर्च त्याशेजारी लिहावा. जऊळक्याच्या ग्राहकाला फोन घेताना एवढे कळले, तरी कोणती सोय ठेवायची आणि कोणती सोडायची, हे ठरवण्यात त्याचाही वाटा राहील.