जीपवाल्यांचा संघ

वरंधहून भोरकडे चढणाऱ्या घाटरस्त्याला महिंद्राची जीप नवी नाही. एस.टी. हुकली की महाडच्या बाजारातून पिशव्या मांडीवर घेऊन जीपमध्येच दाटीवाटीनं बसायचं, हा इथल्या दोन पिढ्यांचा परिपाठ. आमच्या रायगडात महिंद्राचं नाव आणखी एका कारणानं घरोघरी पोचलं, ते म्हणजे कबड्डी. मुंबईच्या मोठ्या स्पर्धांत महिंद्राचा संघ उतरला की गावाकडे त्याची चर्चा व्हायची. पण याच कंपनीचा एक फुटबॉल संघ होता, तो एके वर्षी देशाचा विजेता ठरला आणि त्यानंतर चारच वर्षांत कायमचा बंद झाला, हे आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. मैदानावर त्या संघाला ‘जीपमेन’ म्हणत. तो अधिक माणसांना माहीत असायला हवा, म्हणून हा लेख.

१९४५ साली सुरू झालेल्या या कंपनीनं स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपची जुळणी हाती घेतली. तिचा फुटबॉल संघ उभा राहिला १९६२ मध्ये. तेव्हा मुंबईचा फुटबॉल म्हणजे कंपन्या-कचेऱ्यांचा फुटबॉल. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, रेल्वे, पोलीस, बँका, आरसीएफ, एअर इंडिया अशी नावं हारवूड लीगच्या तक्त्यावर असायची. मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावरचं कूपरेज मैदान हे या सगळ्यांचं घर. १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स कपही याच शहराचा, आणि त्यासाठी कोलकात्याचे, हैदराबादचे, गोव्याचे बडे संघ मुंबईत उतरत.

या व्यवस्थेचा गाभा कोकणातल्या माणसाला सांगावा लागत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, ‘पोरगा खेळावर लागला’? चांगला चढाईपटू असला की भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्रा, रेल्वे यांपैकी कुणीतरी त्याला उचलायचं. सकाळी सराव, मग कामावर हजेरी, महिन्याला पगार. गुडघा गेला तरी नोकरी राहायची. फुटबॉलपटूंचंही तसंच होतं. मैदानावरची वर्षं दहा-बारा, पण घर चालायचं निवृत्तीपर्यंत. खेळाडूला एवढी शाश्वती देणारी दुसरी सोय त्या काळी या देशात नव्हती, आणि मुंबईचा फुटबॉल तिच्याच जोरावर उभा राहिला, असं माझं ठाम मत आहे.

१९९६ च्या हंगामापासून राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि गणित बदललं. वर्षभर देशभर सामने, परदेशी खेळाडू, पूर्णवेळ प्रशिक्षक. हजेरीपटावर सही करून खेळणाऱ्या संघाला हे झेपणारं नव्हतं. महिंद्रानं ते ओळखलं. १९९८ मध्ये ड्युरँड कप जिंकणारा हा संघ २००० साली ‘महिंद्रा युनायटेड’ या नावानं व्यावसायिक क्लब म्हणून नव्यानं उभा केला गेला. पुढच्याच वर्षी पुन्हा ड्युरँड, २००३ मध्ये फेडरेशन कप. लीग मात्र हुलकावणी देत होती. पंजाबच्या जेसीटीनं पहिली लीग नेली; त्यानंतर मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि गोव्याचे साळगावकर, धेंपो यांनी ती आपसात वाटून घेतली. जिथं रोव्हर्स कप जन्मला, त्या शहराच्या वाट्याला एकही लीग नव्हती.

२००५ मध्ये डेरिक परेरा प्रशिक्षक म्हणून आले. गोव्याचे, साळगावकरकडून आणि भारताकडून बचावफळीत खेळलेले. त्यांच्या हाताखाली जमलेला संघ पाहिला की आजही हेवा वाटतो. पुढच्या फळीत ब्राझीलचा जुझे रामिरेझ बारेटो. कोलकात्यात मोहन बागानचे प्रेक्षक ज्याला डोक्यावर घेत, तो बारेटो तेव्हा मुंबईच्या लाल जर्सीत होता. त्याच्या जोडीला घानाचा युसिफ याकुबू. मध्यफळीत कर्नाटकचा षण्मुगम व्यंकटेश आणि केरळचा एन. पी. प्रदीप. बाजूनं धावत क्रॉस टाकणारा स्टीव्हन डायस मात्र मुंबईचाच. अशा पाच दिशांच्या माणसांना एका लयीत आणणं हे परेरांचं खरं काम होतं. २००५ चा फेडरेशन कप त्यांनी जिंकून दिला आणि २००५-०६ ची राष्ट्रीय लीगही. कोलकात्याचे दोन्ही बलाढ्य क्लब मागे राहिले. महाराष्ट्रातला दुसरा कोणताही क्लब ती लीग कधी जिंकला नाही. मुंबईच्या एखाद्या संघानं पुन्हा देशातली अव्वल लीग जिंकायला २०२०-२१ चा हंगाम उजाडावा लागला. तो संघ मुंबई सिटी.

त्या यशाला धूमकेतूसारखं समजू नये, कारण संघ पुढेही पडला नाही. २००६ आणि २००८ मध्ये आयएफए शील्ड, तीही कोलकात्यात जाऊन. २००८ मध्ये तिसऱ्यांदा ड्युरँड. २००७ च्या एएफसी कपमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल, तिथं लेबनॉनच्या नेजमेहनं वाट अडवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या आंबेडकर मैदानावर नेहरू कपच्या अंतिम सामन्यात भारतानं सीरियाला १-० असं हरवलं. तो एकमेव गोल प्रदीपचा, आणि प्रदीप तेव्हा महिंद्राचा होता.

मग २०१० च्या मार्चमध्ये कंपनीनं जाहीर केलं की हंगाम संपला की संघ बंद. पैसा आणि लक्ष आता शालेय फुटबॉलकडे वळवायचं, हे कारण सांगितलं गेलं. महिंद्रा युथ फुटबॉल चॅलेंज ही आंतरशालेय स्पर्धा सुरू झाली आणि स्कॉटलंडचा सेल्टिक क्लब तिच्याशी जोडला गेला. शाळेच्या मुलांसाठी खर्च करण्यात वाईट काही नाही. पण माझा आक्षेप इथंच आहे. बारा वर्षांच्या मुलाला चेंडू दिला आणि तो विशीत आल्यावर त्याला घेणारा संघच काढून टाकला, तर त्या मुलानं जायचं कुठं? रायगडातली मुलं कबड्डीत घाम गाळतात, कारण वर कंपनीचा संघ दिसतो. वरची पायरी काढली की खालच्या पायऱ्या कितीही रुंद केल्या तरी जिना कुठं पोचत नाही.

कंपनीची अडचण खोटी नव्हती. तिकिटांतून नगण्य पैसे, दूरचित्रवाणीच्या हक्कांतून क्लबच्या हाती काही नाही, कूपरेजचा प्रेक्षकवर्ग छोटा. खर्चाचा बहुतेक भार मालकावर. व्यावसायिक क्लब म्हणवणारा हा संघ कमाईच्या बाबतीत शेवटपर्यंत कंपनीच्या खात्यातली एक नोंदच राहिला, आणि नोंद खोडायला समर्थकांना विचारावं लागत नाही. सभासद असलेला कोलकात्याचा क्लब असा एका निर्णयानं मिटवता येत नाही. मुंबईत लीग आली, क्लब आला, पण क्लब ज्यांचा असतो ती माणसं बांधण्याचं काम कुणी केलंच नाही.

२०१० च्याच डिसेंबरात राष्ट्रीय फुटबॉल महासंघानं आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, सातशे कोटींचा करार केला. पैसा आला, पण जुन्या क्लबांपर्यंत पोचला नाही. त्या करारातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली. मधल्या काळात पडझड सुरूच होती. २०११ मध्ये जेसीटी बंद. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी परवान्याच्या अटींत न बसल्यानं आय-लीगबाहेर; राष्ट्रीय लीगच्या जागी आलेली ती हीच लीग. परेरा पुणे एफसीकडे गेले, २०१२-१३ मध्ये तिला उपविजेतेपदापर्यंत नेलं. ती २०१५ मध्ये मिटली. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम टिकला. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. २०१७ मध्ये मुंबई एफसीनंही दार लावलं.

मुंबई एफसीचा बराच काळ प्रशिक्षक राहिलेला खालिद जमील हा महिंद्राचा जुना खेळाडू. त्याला मुंबई एफसीतून जावं लागलं, तो मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेला आणि २०१६-१७ ची आय-लीग त्यानं त्या छोट्या क्लबला जिंकून दिली. त्याच हंगामात मुंबई एफसी खालच्या श्रेणीत घसरली. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिदची भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून निवड झाली.