एकच डबी, जिन्नस वेगवेगळे
हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. तिला 4 किलोमीटरच्या दोन भुजा असतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. अशा यंत्राच्या नोंदी एकजिनसी नसतात: निर्वात नळीतला दाब दशांशात, झडप उघडी की बंद, बिघाडाचा संदेश अक्षरांत. अशा सरमिसळीसाठी सी++ या प्रोग्रामिंग भाषेत 2017 च्या आवृत्तीपासून 'व्हेरियंट' आहे. आधी ठरवलेल्या प्रकारांपैकी एका वेळी एकच मूल्य त्यात राहते, सोबत ते कोणत्या प्रकारचे याची खूण. त्याच भाषेतल्या जुन्या 'युनियन'मध्ये ही खूण नसे. चुकीचे वाचले तरी तो गप्प. व्हेरियंटकडे 'गेट'ने भलताच प्रकार मागितला, तर तो 'एक्सेप्शन' देतो, म्हणजे चूक झाल्याचे कळवतो.