दिवाळीची सुट्टी कोणत्या राज्याची? : सीमाभागातील मुलांच्या ताब्याचा प्रश्न

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेली, तरी कागल, कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडशी असलेला रोटीबेटीचा व्यवहार तुटला नाही. त्यामुळे येथे एखादा संसार मोडला, की आई एका राज्यात व वडील दुसऱ्या राज्यात अशी स्थिती सहज उद्भवते.

ज्या पालकाकडे मुलाचे रोजचे संगोपन असते त्याच्याकडे 'ताबा' असतो, तर दुसऱ्याला ठरावीक वेळी मुलाला भेटण्याची वा घरी नेण्याची जी मुभा मिळते तिला 'भेटीचा हक्क' म्हणतात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईजवळ राहते, परंतु अंतिम कसोटी मुलाच्या हिताचीच असते. पालक व पाल्य अधिनियम, १८९० अन्वये ताब्याचा अर्ज मूल जेथे सामान्यतः राहते तेथेच करावा लागतो. घटस्फोटाचा दावा मात्र लग्न जेथे लागले तेथेही दाखल होऊ शकतो. म्हणजे निपाणीत शिकणाऱ्या मुलाचा अर्ज कर्नाटकात आणि आईवडिलांचा दावा कोल्हापुरात, असे घडू शकते, आणि तो दावा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करून घ्यायचा तर त्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. तासाभराच्या वाटेवरच्या दोन गावांचे भांडण दिल्लीपर्यंत नेणे हा मुलावरचा अन्यायच आहे. परस्पर संमतीने घटस्फोटाच्या अर्जातच भेटीचे वेळापत्रक लिहून घेतल्यास तो टळतो.

परंतु ते लिहितानाच खरी चूक होते. 'दिवाळीच्या सुट्टीचा निम्मा काळ वडिलांकडे' हे वाक्य महाराष्ट्रातील मुलासाठी योग्य आहे, कारण तेथे सहामाहीनंतरची मोठी सुट्टी दिवाळीला असते. कर्नाटकातील शाळांना मात्र मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते व दिवाळीला मोजकेच दिवस येतात, त्यामुळे निपाणीच्या मुलाच्या बाबतीत त्या निम्म्या काळातून हाती फारसे काहीच लागत नाही. उन्हाळ्याचेही तसेच: कर्नाटकातील सुट्टी एप्रिलमध्येच सुरू होते आणि महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास उघडण्यापूर्वीच कर्नाटकातील वर्ग भरलेले असतात. म्हणून सणाच्या नावाऐवजी 'मुलाच्या शाळेने जाहीर केलेली सुट्टी' असे शब्द घालावेत, आणि गौरी-गणपती व गावची यात्रा आलटून-पालटून वाटून घ्यावी.

कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलासाठी संयुक्त ताबा, म्हणजे दोघांकडे वाटून दिलेले संगोपन, मान्य केला: जानेवारी ते जून वडिलांकडे, जुलै ते डिसेंबर आईकडे, शनिवार-रविवारी दुसऱ्या पालकाची भेट, खर्च निम्मा-निम्मा. ही वाटणी एकाच शहरातील घरांना जमेल. शाळेची पुस्तके कन्नड की मराठी, हेच जेथे घरागणिक बदलते तेथे ती मुलाला झेपणे कठीण आहे.

देवाणघेवाणीचे ठिकाणही नेमके लिहावे. शुक्रवारी संध्याकाळी कोगनोळी टोलनाक्याजवळ दप्तर, गणवेश आणि औषधाची बाटली एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाते, तेव्हा 'सोयीच्या जागी' हे शब्द कोणाच्याच कामाला येत नाहीत. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमावादाच्या तणावामुळे दोन्ही राज्यांमधील बससेवा बंद पडली होती. तेव्हा चुकलेली भेट पुढील कोणत्या आठवड्यात भरून द्यायची, हेही आधीच ठरलेले असावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दूर असलेल्या पालकाशी व्हिडिओ कॉलवरून बोलण्यालाही मुलाचा हक्क मानले आहे, त्यामुळे त्याची वेळ अभ्यासाचे तास सोडून लिहावी.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलल्यास न्यायालय तो बदलू शकते. दहावीनंतर निपाणीचे मूल अकरावीसाठी कोल्हापुरास गेले, की त्याची सुट्टी पुन्हा दिवाळीकडे सरकते आणि वेळापत्रक नव्याने लिहावे लागते.